मापाहून जास्ती

सिल्वासा
१४ जून १९८८

संजू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी बोलणी खाऊन घे. भाऊबीजेच्या दिवशी घरातून जो गेलास तो गेलासच. मेलास की जिवंत आहेस हे कळवायला पंधरा पैशांचं कार्ड पुरलं असतं. गेल्या महिन्यात चाळीतले चिंधामामा भुसावळहून ट्रक घेऊन आले तेव्हा कळलं. म्हणाले, "तुना भाऊ बरफना कारखानामा शे. माले देखीसन तोंड फिराई लिधं." पत्ता त्यांनीच काढून आणला. तोंड फिरवायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे, तिचा जळण्याशी काही संबंध नाही. हे वाचून चिडू नकोस. मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

माय बरी आहे असं लिहिणार होते, पण तुला खोटं लिहायला मला जमत नाही. गलोंड्याच्या कारखान्यात तिला परत घेतलं नाही. आता सुताच्या कारखान्यात बॉबिनी लावते. वेळेवर जाते, वेळेवर येते, जेवते. तरी ती आपली माय राहिलेली नाही.

गेल्या आठवड्यात माझी शाळेची फूटपट्टी हरवली. घरभर शोधली, शेवटी पिठाच्या डब्यात सापडली. मला वाटलं चुकून पडली. संध्याकाळी बघते तर माय वाटीने पीठ घेतेय आणि वाटीच्या काठावरून फूटपट्टी फिरवतेय. वरचं पीठ परत डब्यात. तांदळाचं तसंच, साखरेचं तसंच. शेजारच्या झुंबरबाई वाटीभर डाळ मागायला आल्या, त्यांनाही पट्टी मारून सपाट वाटी दिली. झुंबरबाई वाटीकडे बघत राहिल्या. बिचाऱ्यांना वाटलं आपलं काही चुकलं.

आपल्या मायचं माप कसं असायचं ते मी तुला सांगायला नको. साक्रीकडच्या आपल्या गावात दुसऱ्याला द्यायचं ते शिगोशीग. काठाच्या वर शीग उभी राहिली पाहिजे आणि देता देता थोडं सांडलंही पाहिजे. सपाट माप देणाऱ्या बाईच्या दारात कोणी दुसऱ्यांदा जात नसे. बाबा गेले, शेत गेलं, आपण इथे आलो, पण तिचा हात तसाच राहिला. गलोंड्याला कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात तिला सोडा मोजून टाकीत टाकायचं काम मिळालं. साहेबांनी सांगितलं, माप सपाट करून टाकायचं. ती सपाट करायची, ओतायची, आणि मग हात राहायचा नाही म्हणून वरून एक मूठ टाकायची. सगळे हसायचे, "पुतळाबाईचं माप" म्हणायचे. तूही हसायचास.

मग त्या दिवशी टाकी उसळली आणि टाकीशी पाण्याच्या कामावर तू उभा होतास. मायने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "मना हात जास्ती पडना." कारखान्याच्या कागदावरही तेच लिहिलं गेलं. चूक तिची आहे, मी कुठे नाही म्हणते?

पण भाऊबीजेला तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. अर्ध्या तोंडाला पट्टी होती, तुला चावता येत नव्हतं, म्हणून तिने सांजोरी दुधात कुस्करून दिली. वाटी काठोकाठ भरली. दूध तुझ्या शर्टावर सांडलं. एवढंच झालं होतं. तू वाटी ढकललीस आणि म्हणालास, "तुनं बठंच जास्ती, माय. खानं जास्ती, माया जास्ती, सोडाबी जास्ती." मग पिशवी उचललीस.

तिने फरशीवरचं दूध पुसलं. तेव्हापासून तिचा हात आखडत आला, आणि आता हे मोजणं. एक शब्द बोलून तू निघून गेलास, त्याच्यासोबत राहावं मला लागतंय.

पत्राचं उत्तर पाठव. आशीर्वाद आहेतच.

तुझी
ताई


खानवेल
१९ जानेवारी १९९०

संजू,

तुझं कार्ड मिळालं. "मी बरा आहे. काळजी नसावी." दीड वर्षात पाच शब्द. जपून वापर, संपतील.

हे पत्र शाळेत बसून लिहितेय. बसला अजून वेळ आहे आणि मुलं घरी गेलीत. आज तिसरीला विरुद्धार्थी शब्द घेतले. कमी आणि जास्त. मुलं घरी वारली बोलतात, बाजारात गुजराती, माझ्यासमोर जमेल तसं मराठी. "जास्त म्हणजे काय?" विचारलं तर एक म्हणाला, "मोप." दुसरा म्हणाला, "वधारे." अर्थ सगळ्यांना माहीत होता. मग म्हटलं, वाक्यं करा. "आमच्या घरात पावसाचे पाणी जास्त येते." "मोठे गुरुजी जास्त ओरडतात." पन्नास मुलांत एकालाही घरात जास्त असलेली चांगली गोष्ट सापडली नाही. मीही फार शोधायला लावलं नाही.

सुरंगी गावची एक मुलगी आहे, बोलते कमी. ती उभी राहून म्हणाली, "माझी आई जास्त आहे."

वर्ग हसला. मी विचारलं, आई जास्त काय करते? ते तिला सांगता येईना. "माझ्या आईला काम जास्त आहे" असं तिला म्हणायचं असेल म्हणून मी वाक्य तसं करून घेतलं आणि तिला बसवलं. पण तेव्हापासून तिचं पहिलं वाक्यच माझ्या डोक्यात आहे.

शिकवताना मी मुलांना सांगते, जास्त म्हटलं की कशापेक्षा जास्त ते सांगायला हवं. नाहीतर त्या शब्दाला अर्थ नाही. दूध जास्त झालं, कशापेक्षा? वाटीपेक्षा. सोडा जास्त झाला, मापापेक्षा. हे समजतं. माया जास्त झाली असं तू म्हणालास, ते कशापेक्षा? तुला पेलवत होती त्यापेक्षा? की तुझ्या मित्रांच्या आयांपेक्षा? माय ते विचारणार नाही. तिने शब्द घेतला आणि कामाला लावला. आता ती माझ्याशीही मोजून बोलते. मी तापाने पडले होते तर कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला इतका राग आला. म्हटलं, "ठेव ना जरा वेळ." तर म्हणाली, "पुरे व्हयनं."

मी काही तुझ्या पाया पडणार नाही. तुझं तोंड जळलं, तुझं लग्न मोडलं, मुलीकडच्यांनी नारळ परत पाठवला, हे सगळं मला माहीत आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या जागी मी असते तर मीही वाटी ढकलली असती. पण संध्याकाळी परत आले असते.

बस आली.

ताई


सिल्वासा
२६ मे १९९१

संजू,

माझं लग्न झालं. पत्रिका तुला पोचली होती हे चिंधामामांनी सांगितलं, तेव्हा पोस्टावर ढकलू नकोस.

तुझे भावजी सदाशिव, सुताच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. माणूस गरीब आहे, गरीब म्हणजे स्वभावाने, आणि बाकीही. सासर म्हणजे आपल्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून. माय आता एकटी असते, मी रोज संध्याकाळी जाऊन येते.

कानपिळीच्या वेळी भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठेय?" मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी चिंधामामांनी स्वतःच पुढे होऊन सदाशिवचा कान पिळला. साठीचा भाऊ. लोक हसले, मीही हसले. हसताना दाराकडे बघत होते, हे मात्र तुला सांगून ठेवते.

ओटी भरायला माय बसली. पाच मुठी तांदूळ. प्रत्येक मूठ भरल्यावर ती अंगठा वरून फिरवायची आणि जास्तीचे दाणे ताटात परत टाकायची, मग मूठ माझ्या पदरात. बायकांत कुजबुज झाली. लेकीच्या ओटीला हात आखडला म्हणून एकीने तोंड वाकडं केलं. मायने मान वर केली नाही. मला तिथे हुंदका आवरला नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी सासरी जाते म्हणून रडते. दोन गल्ल्यांसाठी कोण एवढं रडतं?

तू यायला हवा होतास. ह्यात काही जास्त मागितलं असं मला वाटत नाही.

ताई


सिल्वासा
२० ऑगस्ट १९९५

संजू,

मधली दोन वर्षं आपण बरे वागलो. तू लग्न केलंस, कळवलंस. कावेरीचा फोटो पाठवलास, तोही तुझ्याशिवाय. मायने तो देवाजवळ लावलाय. आता चिंधामामा म्हणतात मुलगी झाली. हे मामांकडून कळावं याचं मी वाईट वाटून घ्यायचं सोडून दिलंय.

मायने गोधडी शिवायला घेतली आहे. माझ्या जुन्या साड्या आणि तुझा एक निळा शर्ट. बाळाला न्हाऊमाखू घालायला महिनाभर यायचं म्हणते. कारखान्यात रजाही सांगून आली. कधी येऊ एवढंच विचारायला सांगितलंय. तेवढं कळव.

आणखी एक आहे. नंदकुमार साहेब नाशिकला परत चालले. गलोंड्याच्या कारखान्यात तेव्हा तेच वर होते, तुला आठवत असतील. त्यांच्या मुलीला, तन्वीला, मी तीन वर्षं मराठी शिकवतेय. निरोपाचा म्हणून साहेबांच्या बायकोने, छायाताईंनी, मला चहाला बोलावलं होतं. साहेब बोलता बोलता तुझ्याबद्दल विचारायला लागले, आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

घरी येऊन मी मायला विचारलं. तिने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की हे संजूला कळवायचं नाही. म्हणून कळवत नाही. काहीतरी आहे एवढंही खरं तर लिहायला नको होतं. पण तू मला ओळखतोस, माझ्या पोटात काही राहत नाही.

बाळाचं नाव काय ठेवलंत?

ताई


सिल्वासा
३ ऑक्टोबर १९९५

संजू,

तुझं कार्ड मायच्याच पत्त्यावर आलं. ते घेऊन ती पळत माझ्याकडे आली. तिला वाचता येत नाही हे देवाचे उपकार.

"मायला पाठवू नको. पोरीला तिचा हात नको."

मी तिला वाचून दाखवलं, "पाऊस फार आहे, थंडीत ये." ती कार्डाकडे बघून म्हणाली, "बस, इतलंच?" मी म्हटलं, इतकंच. तिने गोधडी घडी करून पेटीत ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली. पीठ वाटीने घेतलं, वर पट्टी फिरवली.

आता ऐक. शपथ मी मोडतेय, तिचं जे व्हायचं ते माझं होवो. शपथेवर माझा विश्वास नाही. तरी हे पत्र लिहिता लिहिता दोनदा उठून दोन गल्ल्या चालत जाऊन तिला बघून आले.

नंदकुमार साहेब म्हणाले, "सरिता, मूठभर जास्त सोड्याने ती टाकी उसळत नाही. फेस येतो, बस. ती उसळते थंड पाणी बंद असलं की. टाकीभोवती पाणी खेळत नसेल तर आतला माल तापतो. त्या दिवशी मी धावत गेलो तेव्हा पाण्याचा व्हॉल्व बंद होता. मी स्वतः उघडला."

व्हॉल्व उघडायचं काम कोणाचं होतं हे मी त्यांना विचारलं नाही. ते मला माहीत होतं आणि तुलाही माहीत आहे.

त्याच संध्याकाळी माय त्यांच्या घरी गेली होती. तुला वलसाडच्या दवाखान्यात ठेवून, तशीच. दारातच उभी राहिली. म्हणाली, साहेब, माझं नाव लिहा. माझा हात जास्ती पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी शंका घेणार नाही. साहेब मला म्हणाले, "मलाही ते सोपं पडलं. बाईची सवय, बाईची चूक, विषय संपला." छायाताईंनी कप खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. त्यांना हे नवीन होतं. मला त्या माणसाचा संताप आला, पण बोलायला तोंड उघडलं नाही, कारण तो मायच्या शब्दाला जागला होता.

मायला विचारलं तर आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "तोंडबी त्यानंच जळनं, आनि चूकबी त्यानीच? एक मानूसवर इतलं जास्ती व्हस, सरू. अर्धं मी लई लिधं."

मी विचारलं, "मग ही पट्टी? आठ वर्षं हे काय चाललंय? तुझी चूकच नव्हती तर हात कशाला आखडलास?"

तर काय म्हणाली सांगू? म्हणाली, "तू त्याले पत्र लिखस ना. तू जे देखशी तेच लिखशी."

संजू, ती माझ्यासाठी सपाट करत होती. मी बघावं आणि तुला कळवावं म्हणून. तुझा विश्वास बसावा की चूक खरंच तिची होती आणि ती पस्तावलीय, म्हणून. आणि मी मूर्खासारखी दर पत्रात तुला इमानाने पट्टीचं लिहीत आले. लग्नातल्या ओटीचंही लिहिलं. भर मांडवात तिने बायकांची बोलणी ऐकली ती तुला ऐकू यावीत म्हणून.

ह्यावर तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तिचा हात तुझ्या पोरीला नको असेल तर तसंही लिही, फक्त सगळं माहीत करून घेऊन लिही. मी तिला वचन दिलं होतं आणि तुझं एक कार्ड वाचून मोडलं. "तिचा हात नको" असं लिहिलेलं कार्ड हातात धरून मी पुन्हा तिला खोटं वाचून दाखवू शकणार नाही.

ताई


सिल्वासा
२ नोव्हेंबर १९९५

संजू,

तू गेलास त्याला आठवडा होत आला. पोचल्याचं कार्ड मिळालं. तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. आधी मात्र माझं ऐक, तू होतास तेव्हा मला बोलायला जागाच मिळाली नाही.

भाऊबीजेला दारात तुला बघितलं तेव्हा मी तुला ओळखलंच नाही, हे खरं आहे. तुझ्या तोंडामुळे नाही. तू बाबांसारखा दिसायला लागलायस. मायने मात्र ओळखलं. पट्टी काढल्यानंतरचं तुझं तोंड तिने कधी बघितलंच नव्हतं. तिने तुझी हनुवटी धरली, दारातल्या उजेडाकडे फिरवली, आणि इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता कोसळते. ती म्हणाली, "जास्ती नही जळनं." तू तिथेच उंबऱ्यावर बसलास.

मग तू बोललास. "वॉल मी खोला नव्हता, माय. माले पहिला दिनपासून मालूम शे." मी तुला काही नवीन कळवत नव्हते तर. दवाखान्यात शुद्धीवर आलास तेव्हापासून तुला माहीत होतं. मायने चूक घेतली हे कानावर आलं आणि तू गप्प बसलास, मग गप्प बसवेना म्हणून तिच्यावरच ओरडलास, आणि पळालास. "ती हात लाई तं मी बठं बोली दिसू, म्हनीसन पोरीजोडे येऊ नको म्हंतलं," असं तू म्हणालास. तिच्या हाताची भीती नव्हती, तुला स्वतःच्या तोंडाची भीती होती.

आणि माय म्हणाली, "माले मालूम व्हतं, तुले मालूम शे. तरी तुले मनी चूक खरी वाटो, म्हनीसन पट्टी फिरावू."

तुम्ही दोघं तेव्हा रडत होतात, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. पण आता लिहिते. मला तुमचा दोघांचा भयंकर राग आला होता. दोघांना सगळं माहीत. मधल्या मधे मी एकटी अडाणी, आणि पत्रं लिहिणारी मीच. माझ्या लग्नात चिंधामामांनी कान पिळला तो तुम्हा दोघांच्या ह्या समजूतदारपणापायी. हा राग जाईल, पण तो आला होता हे तुला माहीत असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायच्या वेळी तू चाळीच्या नळावर जाऊन जे केलंस, ते मला तेव्हा फार आवडलं. सगळी चाळ उभी होती, हंडे घेऊन. चिंधामामा होते, झुंबरबाई होत्या. तू सांगितलंस, टाकी माझ्यामुळे उसळली, मायचं माप बरोबर होतं. यूपीचे लोक बघत राहिले म्हणून परत हिंदीत सांगितलंस, "गलती मेरी थी, माँ की नहीं." शेजारच्या भिकाकाकांनी तुझा हंडा उचलून दिला. मला वाटलं, चला, सुटलं सगळं. आता ही बाई मोकळी झाली. दुपारच्या बसला तू हसत बसलास. खिडकीतून तोंड बाहेर काढून हात हलवलास, तेही जळल्या बाजूने.

तू गेलास आणि घरी रीघ लागली. एकेक बाई येऊन मायचे हात हातात घेऊन बसायची. झुंबरबाई तर पायाच पडायला वाकल्या. "किती सोसलंस गं बाई," म्हणाल्या. मायने सगळ्यांना पाणी दिलं. संध्याकाळी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली नाही. तिसऱ्या दिवशी मी चिडले. म्हटलं, तुझ्या माथ्यावरचं गेलं, सगळी चाळ तुला देवी म्हणते, आता तोंड पाडून बसायला काय झालं?

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहिते, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

"आठ वरीस तो नव्हता, सरू. पन त्यानी चूक तं मनाजोडे व्हती. रोज सकाळे तिले हातमा लेऊ. आते तीबी तो लई गया."

मी तिच्याजवळ बसून राहिले. तू चांगलं केलंस, सगळे तसंच म्हणतात, मीही म्हणते. पण एवढ्या वर्षांत तुझं म्हणून तिच्यापाशी तेवढंच होतं.

संजू, आता तिच्याजवळ तुझं काही नाही. कावेरीला आणि बाळाला घेऊन ये.

ताई